अखेरची तारीख विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू द्या

प्रति,
मा. कुलसचिव आणि मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : परीक्षा अर्ज, पुनर्मूल्यांकन आणि शिष्यवृत्तीच्या सूचना व त्यांच्या मुदतीबाबत

महोदय, महोदया,

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो आणि जोडीला महाविद्यालयाचा परीक्षा अधिकारी म्हणून काम पाहतो. विद्यापीठाचे परीक्षेसंबंधीचे प्रत्येक परिपत्रक माझ्या टेबलावरून विद्यार्थ्यांकडे जाते आणि मुदत चुकलेला प्रत्येक विद्यार्थी त्याच टेबलासमोर येऊन उभा राहतो. हे पत्र कोणा एका विद्यापीठाविरुद्ध नाही. परीक्षांच्या बैठकांना, पेपर तपासणीला दुसऱ्या विद्यापीठांच्या क्षेत्रातले सहकारी भेटतात, तेव्हा त्यांच्याकडूनही हेच ऐकायला मिळते, म्हणून सगळ्यांनाच लिहितो आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. मुदत मोजायची ती सूचना विद्यार्थ्याला कळल्यापासून मोजा, परिपत्रकावर जावक क्रमांक पडल्यापासून नको.

आज काय होते ते पाहा. परिपत्रकावर सोमवारची तारीख असते. सही होऊन, स्कॅन होऊन ते संकेतस्थळावर चढते तेव्हा बुधवार उजाडलेला असतो. महाविद्यालयाच्या ईमेलवर ते येते ते इतर दहा-बारा पत्रांच्या गर्दीत. कुठला तरी दिन साजरा करण्याबाबत, कुठली तरी माहिती ‘तात्काळ’ सादर करण्याबाबत, ऑनलाइन प्रतिज्ञेचे फोटो पाठवण्याबाबत. परीक्षा अर्जाचे परिपत्रक आणि प्रतिज्ञेच्या फोटोंचे परिपत्रक दिसायला अगदी सारखे असते. विषयाची ओळ वाचल्याशिवाय त्यात काय आहे ते कळत नाही. आवक बारनिशीत नोंद होते. प्राचार्य गावात असतील तर त्याच दिवशी ‘परीक्षा विभाग’ असा शेरा मारून कागद खाली येतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी. मी तो वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, शिपाईमामा प्रिंट काढून काचेच्या फळ्यात लावतात. तोवर शुक्रवारची दुपार झालेली असते. आमची निम्मी मुले एसटीने येतात आणि शेवटची परतीची गाडी गेली की महाविद्यालय रिकामे. शनिवारी आठवडी बाजार, रविवारी सुटी. सोमवारी मुलगी फळ्यासमोर उभी राहते, तेव्हा अखेरची तारीख बुधवार असते. कागदावर दहा दिवस, तिच्या हातात तीन. त्या तीन दिवसांत पोर्टलवर सगळा जिल्हा तुटून पडलेला. पैसे खात्यातून जातात आणि अर्जावर ‘पेंडिंग’ दिसत राहते. पुन्हा भरावे तर दोनदा जातील, न भरावे तर अर्ज अपूर्ण. हेल्पलाइनचा फोन लागत नाही.

यात कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. तुमच्याकडच्या कक्ष अधिकाऱ्याने फाइल अडवली नाही, आमच्या लिपिकाने कागद दाबून ठेवला नाही. रचनाच अशी आहे की वाटेत गेलेला प्रत्येक दिवस विद्यार्थ्याच्या वाट्यातून कापला जातो. आणि दंड त्या एकट्यालाच बसतो.

दसरा झाला की आमच्याकडची गावे रिकामी होऊ लागतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर येतो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, टोळ्या ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. घरी उरतात म्हातारी माणसे आणि शिकणारी पोरे, त्यातही मुलींना शक्यतो सोबत नेतात किंवा लग्न लावून मोकळे होतात. ज्या मुली मागे राहून पदवीला येतात त्या किती जणांशी भांडून आलेल्या असतात याची तुम्हाला कल्पना असेलच. हिवाळी सत्राचे परीक्षा अर्ज बहुतेक याच दिवसांत निघतात.

गेल्या हिवाळ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी अर्ज भरायला आली. अर्जात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा, क्रमांक टाकणे बंधनकारक होते आणि तिचा तो काढायचा राहिला होता. तो काढायचा तर डिजिलॉकर हवे, डिजिलॉकरला आधार हवे, आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा. वडील उसाच्या फडात. ओटीपी दहा मिनिटांत सांगितला नाही तर बाद होतो. तिने सकाळी अकरा वाजता पहिल्यांदा प्रयत्न केला. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. बाराला पुन्हा, दोनला पुन्हा. संगणकासमोरच्या बाकावर ती वही मांडीवर घेऊन बसून होती. वहीच्या मागच्या पानावर तिने प्रत्येक प्रयत्नाची वेळ लिहून ठेवली होती, म्हणजे किती वेळा चुकला की खाते बंद पडते ते लक्षात राहावे. संध्याकाळी वडिलांचा उलटा फोन आला. मी घेतला. “सर, मोबाईल ट्रॅक्टरवाल्याकडं चार्जिंगला व्हता. आम्ही फडात. आता सांगू का आकडा?” तो आकडा केव्हाच बाद झाला होता. नवा मागवला, त्यांनी एकेक अंक मोठ्याने वाचून दाखवला, क्रमांक निघाला. त्यानंतर अर्जाचे पान उघडेना. रात्री बारा वाजता नियमित शुल्काची मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी तिने विलंब शुल्कासह अर्ज भरला. पैसे कुठून आणले ते मी विचारले नाही.

ही मुलगी निष्काळजी नव्हती. सूचना फळ्यावर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आलेली होती. तुमच्या नोंदीत मात्र ती ‘विहित मुदतीत अर्ज न भरलेले विद्यार्थी’ या रकान्यात आहे, आणि त्या रकान्यात ती एकटी नाही. त्या यादीकडे एकदा जिल्हा आणि तालुका लावून पाहा, एवढी माझी विनंती आहे. विलंब शुल्क कोणी भरले, कोणत्या महाविद्यालयांतून भरले, किती मुली, किती वसतिगृहाबाहेरच्या, ही सगळी माहिती तुमच्या संगणकात आजही आहे. ती काढायला नवी समिती लागत नाही. माझा अंदाज असा, की ती यादी आळशी मुलांची निघणार नाही, लांब राहणाऱ्या मुलांची निघेल.

आता निकालाकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये स्पष्ट लिहिले आहे : परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठाने प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत तो ४५ दिवसांच्या आत लावावा. तेही जमले नाही तर उशीर का झाला याचा कारणांसह अहवाल कुलपतींना आणि राज्य शासनाला द्यायचा. म्हणजे विद्यापीठाला उशीर झाला तर कारण सांगण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. ती असायलाच हवी. पेपर तपासणारे कमी पडतात, यंत्रणा कोलमडते, हे आम्ही आतून पाहतो. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईने अमलात आला, कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, निकाल रेंगाळत राहिले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात परदेशी आणि परराज्यातल्या विद्यापीठांत प्रवेश मिळालेली मुले हातात गुणपत्रिका नाही म्हणून दारोदार फिरत होती. मोठ्या शहरातले प्रकरण होते म्हणून वर्तमानपत्रांत आले. आमच्याकडे निकाल दोन-तीन आठवड्यांनी पुढे गेला तर बातमी होत नाही, परिणाम मात्र तसाच होतो.

तो परिणाम असा. निकाल उशिरा लागतो. एका विषयात अनपेक्षितपणे नापास झालेला मुलगा आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतो, ती पाहून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतो. त्यासाठी निकालापासून मोजके दिवस असतात आणि तो ते पाळतो. पण पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधीच पुढच्या सत्राच्या परीक्षा अर्जाची अखेरची तारीख येऊन ठेपते. मग तो काय करणार? पुनर्मूल्यांकनावर विश्वास ठेवून त्या विषयाचा अर्ज भरला नाही आणि निकाल बदलला नाही, तर सहा महिने गेले, तृतीय वर्षाचा असेल तर पदवी अडकली. भरला आणि पुनर्मूल्यांकनात पास झाला, तर परीक्षा शुल्क फुकट गेले, शिवाय उत्तीर्ण झालेल्या विषयाचा पुन्हा अभ्यास. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी सांगत आलो आहे : भरून टाक. पैसे गेले तरी चालतील, सत्र जाऊ देऊ नकोस. हा सल्ला देताना मला वाईट वाटते, कारण तो पैसा त्याच्या चुकीचा नसतो. तुमचा एक निकाल आणि तुमचीच दुसरी मुदत यांचा मेळ बसला नाही, त्याची भरपाई तो करतो.

हे दुरुस्त करणे सगळ्यात सोपे आहे. ज्याचा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज प्रलंबित आहे त्याच्या बाबतीत त्या विषयाच्या परीक्षा अर्जाची मुदत पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागल्यानंतर आठ दिवसांनी संपेल, एवढे एक वाक्य परिपत्रकात घाला. किंवा त्याने आधीच भरलेले शुल्क पास झाल्यावर आपोआप परत करा, त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मुदत नको.

परिपत्रकांच्या भाषेबद्दल आणि रूपाबद्दलही लिहायला हवे. माझ्यासमोर आत्ता एक परिपत्रक आहे. तीन पाने. पहिल्या परिच्छेदात सात संदर्भ, दुसऱ्यात अधिनियमाचे कलम, तिसऱ्यात ‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संलग्नित महाविद्यालयांच्या मा. प्राचार्यांना कळविण्यात येते की’. अखेरची तारीख दुसऱ्या पानावर, तक्त्यात, पाचव्या रकान्यात. तक्ता स्कॅन करताना किंचित तिरका झाला आहे आणि विद्यापीठाच्या गोल शिक्क्याची कड नेमकी त्या तारखेवर आली आहे. २१ आहे की २७, हे मला कक्षाला फोन करून विचारावे लागले. फाइलचे नाव ‘स्कॅन’ आणि पुढे नुसता आकडा. असल्या फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही, फोनवर अक्षर मोठे केले तर फाटते.

आणि जे विद्यार्थी डोळ्यांनी पाहू शकत नाहीत, त्यांचे काय? आमच्याकडे एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. त्याच्या फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारी सोय आहे, वर्तमानपत्र तो रोज त्यावरच ऐकतो. स्कॅन केलेले परिपत्रक त्या फोनला वाचता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते नुसते चित्र असते. परीक्षेसाठी लेखनिक हवा असेल तर किती दिवस आधी, कोणत्या नमुन्यात, कोणते प्रमाणपत्र जोडून अर्ज करायचा हे त्याच चित्रात लिहिलेले असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चाच आहे, विद्यापीठ कायद्याच्याच वर्षाचा. सरकारी माहिती दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात द्यावी, ही त्यातली अपेक्षा नवी नाही. परिपत्रक संगणकावरच टाइप होते. ते छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करण्याऐवजी डिजिटल स्वाक्षरीने तसेच प्रसिद्ध केले तर हा प्रश्न उरत नाही. खर्चही नगण्य.

आमच्या महाविद्यालयात आम्ही प्रत्येक परिपत्रकाच्या वर चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहून लावतो. कोणासाठी, शेवटची तारीख, किती पैसे, सोबत काय आणायचे. मुले त्या चार ओळींचा फोटो काढून नेतात, खालच्या तीन पानांकडे कोणी पाहत नाही. या चार ओळी विद्यापीठाने स्वतःच प्रत्येक परिपत्रकाच्या माथ्यावर, साध्या मराठीत लिहिल्या तर शेकडो महाविद्यालयांत शेकडो जणांनी त्याचा आपापला अर्थ लावायची वेळ येणार नाही. अर्थ लावताना चूक होते. एका ठिकाणी पहिल्या वर्षाला लागू नसलेली तारीख पहिल्या वर्षाच्या ग्रुपवर गेली आणि मुले दोन दिवस घाबरून पैसे गोळा करत राहिली, असे एका सहकाऱ्याने सांगितले.

मुदतवाढीचा विषय नाजूक आहे, तरी बोलतो. मुदतवाढ मिळते म्हणून आम्ही खूश असतो, मागणीही आम्हीच करतो. पण ती कळते कधी? अखेरच्या दिवशी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. ज्यांनी उसनवारी करून, घाईघाईने, कधी विलंब शुल्क देऊन अर्ज भरला त्यांना नंतर कळते की आठ दिवस वाढवून दिले. ज्यांनी वाट पाहिली त्यांचे बरे झाले. असे तीन-चार वेळा घडले की मुले शिकतात : पहिली तारीख खरी नसते. मी वर्गात कितीही घसा कोरडा केला तरी माझ्यापेक्षा त्यांना त्यांच्या अनुभवाचे म्हणणे पटते. मग एखाद्या वर्षी तुम्ही मुदतवाढ देत नाही, आणि वाट पाहत बसलेल्यांपैकी काही जणांचे अख्खे सत्र जाते. त्या मुलांची चूक मी नाकारत नाही. पण ती सवय त्यांना कोणी लावली, याचाही विचार व्हावा. एकदाच, पुरेशी लांब मुदत द्या आणि ती पाळा. वाढवायचीच असेल तर मुदत संपण्याच्या तीन दिवस आधी सांगा, आणि दरम्यान विलंब शुल्क भरलेल्यांचे पैसे परत करा.

शिष्यवृत्तीच्या तारखा तुमच्या हातात नाहीत, महाडीबीटी पोर्टल शासनाचे आहे, हे ठाऊक आहे. तरी त्यातले निम्मे घोडे तुमच्याकडेच अडते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असो की अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, नूतनीकरणाला मागच्या वर्षाचा निकाल लागतो. निकाल लांबला की अर्ज लांबतो. जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. फार चांगला निर्णय. त्यासाठीही उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो तहसील कार्यालयातून येतो. शासनाने लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अशा दाखल्यांसाठी दिवस ठरवून दिले आहेत. म्हणजे दाखल्याला किती दिवस लागतात हे शासनालाच मान्य आहे. मग एखाद्या योजनेची विद्यापीठ किंवा महाविद्यालय पातळीवरची मुदत त्या दिवसांपेक्षा छोटी ठेवली तर ती पाळणे अशक्यच असते. मुदत ठरवणाऱ्याने त्या कागदांची यादी समोर ठेवून, प्रत्येकाला किती दिवस लागतात ते मिळवून पाहावे आणि मग तारीख टाकावी. ३१ मार्चला जुन्या दाखल्यांची मुदत संपते, त्यानंतर एप्रिल-मेमध्ये सेतू केंद्रांवर काय गर्दी असते ते एकदा पाहून यावे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आणि प्रत्यक्ष भेटीत म्हणालेही आहेत, की अर्जांचा आकडा वेळेत हाती आला नाही तर बैठक व्यवस्था, प्रश्नपत्रिकांची संख्या, केंद्रे, हॉल तिकिटे सगळेच अडते. हे शंभर टक्के खरे आहे. ऐन परीक्षेच्या सकाळी दहा प्रश्नपत्रिका कमी पडल्या की काय होते ते मी भोगले आहे. म्हणूनच मुदत पुढे ढकला असे मी म्हणत नाही. सुरुवात अलीकडे आणा. जो विद्यार्थी या वर्षी नियमित प्रवेश घेऊन शिकतो आहे तो या सत्राची परीक्षा देणारच आहे, हे विद्यापीठाला प्रवेशाच्या दिवशीच माहीत असते. त्याचे नाव, विषय, फोटो, शुल्क सगळे तुमच्याकडे आलेले असते. त्याच्याकडून दर सहा महिन्यांनी तीच माहिती नव्या अर्जात भरून का घ्यायची? नियमित विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज प्रवेश अर्जातच धरा, शुल्क तेव्हाच किंवा हप्त्याने घ्या, हजेरी भरली नाही तर महाविद्यालयाने त्याचे नाव कमी करावे. स्वतंत्र अर्ज फक्त मागे राहिलेल्या विषयांसाठी ठेवा. पोर्टलवरची गर्दी निम्म्याहून कमी होईल आणि तुमचा आकडा महिनाभर आधी तयार असेल.

तारखा खूप आधी सांगता येतात, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहे. राज्य मंडळाची २०२५ ची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली, आणि त्याची सूचना शाळांना व पालकांना कित्येक महिने आधी मिळाली होती. लोकसेवा आयोग पुढच्या वर्षाच्या परीक्षांचे अंदाजित वेळापत्रक आधीच जाहीर करतो. तारखा मागेपुढे होतात, पण मुलांच्या हातात निदान एक आराखडा असतो. विद्यापीठ कायद्यातही वर्षाच्या सुरुवातीला परीक्षांचे वेळापत्रक जाहीर करण्याची तरतूद आहे आणि तुम्ही शैक्षणिक दिनदर्शिका काढताही. तिच्यात सत्र कधी सुरू, सुट्या कधी, परीक्षा कधी, हे असते. अर्ज कधी उघडणार, कधी बंद होणार, छायाप्रतीसाठी कोणता आठवडा, पदवी प्रमाणपत्राचा अर्ज कोणत्या महिन्यात, हे मात्र नसते. ज्या तारखा चुकल्या की विद्यार्थ्याचे नुकसान होते, नेमक्या त्याच तारखा त्या दिनदर्शिकेत नाहीत. त्या घाला. जूनमध्ये महाविद्यालयाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावता आला पाहिजे, ज्यावर पुढच्या मेपर्यंतची प्रत्येक अखेरची तारीख असेल.

शेवटी मागणी नेमकी मांडतो, म्हणजे गैरसमज नको. परिपत्रक संकेतस्थळावर चढल्याचा दिवस आणि नियमित शुल्काची अखेरची तारीख यांत किमान १५ दिवस असावेत, आणि परिपत्रकावर जावक तारखेबरोबर प्रसिद्धीची तारीखही छापलेली असावी. हे १५ दिवस भरत नसतील तर त्या वेळचे विलंब शुल्क आपोआप माफ व्हावे, विद्यार्थ्याने मागायची गरज पडू नये. कोणतीही अखेरची तारीख दिवाळीच्या सुटीत किंवा सुटीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत येऊ नये. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने दिलेल्या क्रमांकावर मुदतीच्या आधी एक साधा एसएमएस जावा. इंटरनेटचे पॅक संपलेले असले तरी एसएमएस येतो, आणि आमच्या वाड्या-वस्त्यांवर अजून तोच भरवशाचा आहे. आणि ज्या विद्यार्थ्याचे काम पोर्टलच्या बिघाडामुळे अडले त्याने महाविद्यालयात त्याच दिवशी लेखी नोंद केली असेल, तर ती नोंद मुदतीत केलेला अर्ज म्हणून धरली जावी. विद्यार्थी तक्रार निवारणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये नियम केले, लोकपालाची तरतूद केली. पण परीक्षेला आठ दिवस उरलेले असताना अर्ज फेटाळला गेलेल्या मुलाला तक्रारीच्या वाटेने न्याय मिळेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असते. त्याला दिलासा मिळायचा तर तो महाविद्यालयाच्या पातळीवर, त्याच दिवशी मिळायला हवा.

अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, सन्माननीय सदस्यांनाही या पत्रातून विनंती आहे. अर्थसंकल्पाच्या बैठकीत विलंब शुल्कापोटी वर्षभरात किती रक्कम जमा झाली आणि ती कोणत्या जिल्ह्यांतून आली, हा प्रश्न कृपया विचारा. उत्तर इतिवृत्तात येऊ द्या.

उन्हाळी सत्राच्या अर्जांचे परिपत्रक निघण्याआधी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे. मागण्या सगळ्या एकदम मान्य होणार नाहीत, हे समजते. निदान पुनर्मूल्यांकन प्रलंबित असलेल्यांसाठीचे ते एक वाक्य आणि प्रसिद्धीपासूनचे १५ दिवस, या दोन गोष्टी याच सत्रापासून करता येतील. तारखा ठरवायला बसाल तेव्हा विद्यापीठाच्या आवारापासून सगळ्यात लांब असलेल्या चार-पाच महाविद्यालयांच्या परीक्षा अधिकाऱ्यांना फोन लावा आणि विचारा, या दिवसांत तुमची मुले कुठे असतात. आम्ही खरे ते सांगू.

कळावे,

आपला विश्वासू,
एक महाविद्यालयीन परीक्षा अधिकारी